हाक आल्याशिवाय

पुणे
१२ डिसेंबर १९९४

दादा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावलास तरी वरकुट्याहून इथं ऐकू येत नाही, ही एक सोय आहे.

माझं काम आता मार्गी लागलंय. तुला वाटतं तशी मी पांढरा कोट घालून बसलेली नसते. सकाळी सायकल काढते, गावाबाहेरच्या बाभळीत जाते आणि सातभाई बघते. आपल्या बांधावर कलकलाट करतात ना, तेच मातकट पक्षी. सात-आठ जण खाली किडे टिपत असतात तेव्हा त्यांच्यातला एक वर फांदीवर उपाशी बसतो आणि शिकरा दिसला की ओरडतो. बाकीचे झुडपात पळतात. प्रश्न असा, की तो उपाशी का बसतो? जो गुपचूप खात राहील त्याचं पोट भरेल, त्याची पिल्लं जास्त जगतील, आणि शेवटी सगळे तसलेच उरायला हवेत. मग पहारा देणारे अजून शिल्लक कसे? आमचे सर म्हणतात, माणसाची लाज, शब्द पाळणं, चांगलं-वाईट, सगळं याच प्रश्नातून उगवलंय. एकमेकांना धरून राहिले ते जगले, आणि धरून राहण्याचे मग नियम झाले.

मला एकदम आपली इर्जिक आठवली. आज सगळ्या वस्तीचे बैल एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. लहानपणी माझं लक्ष फक्त जेवणाकडं असायचं. तर तिचे नियम काय, कोणी केले, एखादा आलाच नाही तर काय करतात, हे आबाला विचारून लिही. मला इथं सगळ्यांपुढं सांगायचंय.

आईला म्हणावं, जेवते मी वेळेवर.

सुकी


वरकुटे
२८ डिसेंबर १९९४

सुके,

पाखरं बघत बसायला कोण पैसं देतं हे आयला अजून खरं वाटत न्हाय. ती म्हणती, आपल्या बांधावर काय कमी हायती का, हितंच बस म्हणावं.

आबाला इचारलं. आधी हसला. "नेम कसलं आल्यात त्यात," म्हणाला. मग वैरण टाकता टाकता जे सुरू झाला ते थांबंना.

तर ऐक. नांगरटीला रान कडक असतं, एका जोडीनं लोखंडी नांगर हलत न्हाय. ज्याचं रान त्यानं आदल्या सांजला परतेकाच्या उंबऱ्याशी जायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. रस्त्यात गाठ पडली, बाजारात सांगितलं, ते कोण धरत न्हाय. दारात हाक आली की न्हाय म्हणायचं न्हाय, घरात काय का असंना. आणि हाक आली न्हाय तर जायचं न्हाय. शेजारचा एकटा मरमर मरत असला तरी आपल्या आपण जाऊन उभं ऱ्हायचं न्हाय.

मी म्हणलं, हे उलटंच झालं की. तर म्हणाला, हे मेंढरांच्या वक्ताचं हाय. आबा आणि कुंडलिकतात्या जवान हुते तवा मेंढरांची खांडं घेऊन कोकणापातूर जायाचे. मुक्कामाला परतेकाची मेंढरं आपापल्या जाळीत, जरा अंतरा-अंतरानं. लांडगा ज्याच्या खांडात शिरला त्यानं हाक मारायची. हाकेला सगळ्यांनी उठायचं. जो उठला न्हाय त्याला सकाळी तळावरनं काढून द्यायचं. पण हाक नसताना नुसता गलका ऐकून कोण पळाला, तर त्याचंच खांड उघडं पडतं आणि लांडगा तितं शिरतो. अशी किती खांडं गेली म्हणं. म्हणून हाकेला उठायचं, बिनहाकेचं उठायचं न्हाय. आता मेंढरं गेली, ऊस आला, कुंडलिकतात्याच्या दारात जीप आली, पण नेम त्योच हाय.

एखादा आला न्हाय तर काय, हे इचारलंस. ते आत्ताच झालंय. ओढ्यापलीकडचा सिद्धू. त्याच्या रानात दोन वर्सं समदी वस्ती राबली. यंदा त्यानं बैलं इकली, स्वतःचं रान ट्रॅक्टरनं करून घेतलं, आणि पेरणीला तात्यानं दारात जाऊन हाक मारली तर म्हणाला, बैल न्हाईत, मी येऊन काय करू? तात्या म्हणाला, हात हायत की. तरी आला न्हाय. मग वस्ती बसली आणि त्याला तोडला. चुलीला इस्तू न्हाय, पाणी न्हाय, बोलणं न्हाय. त्याची बायको कौसल्या पोटुशी हाय. आय म्हणती, तिचा काय गुन्हा. पण आयला इचारतंय कोण.

मल्हार


पुणे
९ जानेवारी १९९५

दादा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग सरांना वाचून दाखवलं. लांडग्याचा भाग आला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ही हाक म्हणजे सोनं आहे, पोरी. खोटी हाक मारायची नाही, खऱ्या हाकेला चुकायचं नाही, आणि बिनहाकेचं पळून स्वतःचं खांड उघडं टाकायचं नाही. असं करणारे तळ टिकले, बाकीचे लांडग्यांनी संपवले. कोणी बसून नियम केलेले नाहीत, जे जगले त्यांच्यामागून नियम आले. आबाला सांग, तो हसला त्यात चूक नव्हती.

आता सिद्धूचं. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे. बघ, शिक्षा करणं हेसुद्धा काम आहे, त्यात कष्ट आहेत. सिद्धूशी न बोलायचं म्हणजे त्याच्या गमती, त्याच्या घरचा चहा, अडीनडीला त्याचा हात, सगळं सोडायचं. असले कष्ट चुकवणारे निघणारच. म्हणून जो शिक्षा करत नाही त्यालाही शिक्षा व्हायला लागते, नाहीतर नियम ढिला पडतो. हे आम्ही कागदावर मांडतो, पण घडताना बघायला कुठं मिळणार? तू डोळे उघडे ठेव. वस्तीतलं कोणी सिद्धूशी बोललं, त्याच्याकडं गेलं, तर त्याचं काय होतं ते मला लगेच लिही.

आईसाठी लोकर घेतलीय. रंग तिला आवडेल.

सुकी


वरकुटे
२० फेब्रुवारी १९९५

सुके,

तुला घडताना बघायचं हुतं. मग आपल्याच घरात बघ.

सिद्धूची ज्वारी काढायला आली आणि त्याच येळंला कौसल्या बाळंत झाली. पोरगी झाली. ज्वारीवर पाखरांचे थवे बसाय लागले, हा एकटा काय काय करणार. पंधरा दिवसांमागं सोमवारी सांजला आपल्या दारात आला. डोळं वर करंना. उंबऱ्याशी उभा ऱ्हाऊन म्हणाला, "गेणूतात्या, उद्या माझ्याकडं." आबा म्हणाला, "येतो." दुसऱ्या दिवशी आबा आणि आय दोघंबी गेली. मी न्हाय गेलो, खरं ते सांगतो. मला वस्तीचं भ्या वाटलं.

त्याच दुपारी कुंडलिकतात्या बांधावर आला. म्हणाला, गेणू, हे काय? आबा म्हणाला, दारात हाक आली, मी न्हाय कसं म्हणू? तात्या म्हणाला, तोडलेल्याची हाक ही हाक न्हवं. आबा म्हणाला, हाक ती हाक. एवढंच. दोघांनी उभ्या जन्मात एका ताटात खाल्लं, आणि एवढ्यावर तुटलं. त्याच शनिवारी वस्ती बसली, आपल्यालाबी तोडलं.

आबाचं एक चालतं, तो बैलांसंगं बोलतो. मला आयचं बघवत न्हाय. हापशावर गेली की बाया भरलेल्या-बिनभरलेल्या घागरी उचलून बाजूला होत्यात. छबूबाई, कुंडलिकतात्याची बायको, आयची किती जवळची तुला ठावं हाय. दोघी एकाच वर्सी ह्या वस्तीत नांदायला आल्या, एकमेकीची बाळंतपणं केली. तिनं परवा तोंड फिरवलं. आय घरी आली, घागर ठेवली आणि चुलीपुढं बसून ऱ्हायली. भाकरी करपली तरी उठली न्हाय. सुके, ती आतनं तुटाय लागलीय. तिचं एकच म्हणणं हाय, तात्याच्या दारात जावा, चुकलं म्हणा, आणि मिटवा. माझी दारं उघडा, म्हणती.

आबा निम्मा तयार हाय. पाडव्याला गूळ घेऊन जावं म्हणतो. पण म्हणाला, "सुकीला लिही. ह्याच इद्येचं शिकती ती. ती म्हणंल तसं करू." तर लवकर लिही.

मल्हार


पुणे
१२ मार्च १९९५

दादा,

तुझं पत्र दोन दिवस जवळ घेऊन हिंडले. मग विचार केला, सरांशीही बोलले. आता सांगते ते आबाला नीट वाचून दाखव.

आबा, तू चुकलेला नाहीस. दोन नियम समोरासमोर आले तेव्हा तू जुना धरलास, मूळचा धरलास. तू आता जाऊन चुकलं म्हणालास तर वस्ती काय शिकेल? बाळंतिणीच्या घरी जाणं ही चूक, असं शिकेल. पुढच्या वेळी कोणीच कोणाकडं जाणार नाही. जो बरोबर असतो तोच वाकला की नियम सडतो.

आणि हे फार दिवस चालत नाही. आमच्याकडं याचे आकडे आहेत. एकमेकांशिवाय ज्यांचं भागत नाही ते फार काळ तुटून राहू शकत नाहीत. मेमध्ये नांगरट येईल. आपल्या जोडीइतकी ताकदीची जोडी वस्तीत दुसरी नाही. त्यांना यावंच लागेल. तोवर धीर धर. तू कोणाच्या दारात जायचं नाहीस. पहिली हाक त्यांनी मारू दे.

आई, तुला त्रास होतोय हे मला कळतं. थोडे दिवस काढ. लोकरीचा स्वेटर अर्धा झालाय.

सुकन्या


वरकुटे
१० एप्रिल १९९५

सुके,

तुझं पत्र आबानं दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच म्हणून दाखवलं, पाठ झालंय त्याला. बैलांना पाणी दाखवताना म्हणतो, "पहिली हाक त्यांनी मारू दे, काय रं?" बैल काय बोलणार. पण गडी जरा ताठ झालाय. माझी लेक शिकलीय, म्हणतो.

पाडव्याला गेला न्हाय. आयनं गूळ काढून ठेवला हुता, तो परत डब्यात गेला. ती तुझ्यावर रागावलीय असं न्हाय, पण एवढं म्हणाली, "सुकीला म्हणावं, तू ये आणि आठ दिवस त्या हापशावरनं पाणी भर. मग लिही."

नांगरटीचं तू म्हणलीस तसं होईल असं दिसत न्हाय. तात्यानं ह्या साली ट्रॅक्टर सांगितलाय, समद्या वस्तीचा मिळून. बैलांची गरजच न्हाय म्हणं. हे तुझ्या आकड्यात हुतं का?

एक बरं झालं. कौसल्या पोरगीला घेऊन ओढ्यापलीकडनं येती आणि आयच्या मांडीवर टाकती. तेवढ्यापुरती आय बोलती.

स्वेटर काय उन्हाळ्यात घालायचा का?

मल्हार


पुणे
१४ मे १९९५

दादा,

दिवस आटोपून परत आले त्याला चार दिवस झाले. इथं सगळं जसंच्या तसं आहे, त्याचाच राग येतो. स्वेटरची एक बाही राहिली होती. ती विणत बसले. कोणासाठी, हे माझ्या मैत्रिणीनं विचारलं नाही, तिचे उपकार.

घरी मला कोणी काही सांगितलं नाही. मी आले तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं आणि सगळी वस्ती दारात होती. ज्यांनी तोंडं फिरवली त्या सगळ्या बाया. तिला पहिला खांदा तू आणि कुंडलिकतात्यानं दिला. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती तर छबूबाईनं पिठलं-भाकरी आणली आणि आबाच्या तोंडात घास घालताना ती स्वतःच खाली बसली. तोडलेल्या घराला हे कसं चालतं? मला वाटलं, बरं झालं, निदान आता मिटलं.

पण तात्या ज्या तऱ्हेनं रडत होता ते मला विसरता येत नाही. मयताला माणूस तसा रडत नाही. आबा त्याच्याकडं बघतच नव्हता. त्या दुपारी काय झालं ते मला लिही. साप चावला एवढंच मला माहीत आहे. तू बारामतीला बाजारात होतास. आबाकडून मला काढवत नाही. तू सांग.

सुकी


वरकुटे
२ जून १९९५

सुके,

दोन कागद लिहून फाडले. तरी लिहितो, तुला ठावं असलं पाहिजे.

आय घास कापत हुती. दुपारचे बारा वाजले असतील. घोणस चावली, पायाला. आबा वरच्या पट्टीत हुता, तिनं हाक मारली तशी तो पळत आला. कापडानं पाय बांधला, बैल जुपले, गाडीत गवत टाकून तिला निजवली आणि सडकेला निघाला. सडकेला जायची वाट कुंडलिकतात्याच्या दारावरनं जाती. जीप लिंबाखाली सावलीत उभी हुती.

पुढचं तात्यानं मला सांगितलं. आबानं एक शब्द काढलेला न्हाय.

तात्या बाजेवर बसला हुता. गाडी येताना त्यानं बघितली. सिंधू वहिनी, म्हंजे आपली आय, गाडीत आडवी हाय, गेणूचं तोंड उतरलंय, हे त्याला दिसलं. दारापुढं आल्यावर गाडी थांबली. तात्या म्हणाला, "मल्हार, मी चपला पायात घातल्या. किल्ली खिशातनं काढून हातात घेतली. गेणूनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं." छबूबाई दारात हुती, ती म्हणाली, "उठा की." हा म्हणाला, "हाक येऊ दे." आबा तसाच बसून ऱ्हायला, आणि मग त्यानं बैल हाकलले. तात्या म्हणतो, "त्यानं नुसतं कुंडलिक म्हणलं असतं तरी मी जीप उडवत नेली असती. मी उठून उभाच हुतो, देवाशप्पथ." तो खोटं बोलत न्हाय, हे मला ठावं हाय.

सडकेला एसटी यायला तास हुता. एक टेम्पो आपल्या आपण थांबला. इंदापूरचा अमजद म्हणून हाय, फळं नेतो. कोण, कुठलं, काय इचारलं न्हाय. डाळिंबाच्या पाट्या सडकेवर उतरवून टाकल्या, आयला उचलून आत ठेवली आणि बारामतीपातूर हॉर्नवरचा हात काढला न्हाय. डॉक्टरनं करायचं ते समदं केलं. म्हणाला, अर्धा-पाऊण तास आधी आणली असती तर.

तात्याच्या दारातनं जीपनं तेवढाच येळ वाचला असता.

मल्हार


पुणे
१० जून १९९५

दादा,

ते वाक्य माझं आहे. 'पहिली हाक त्यांनी मारू दे.' तू ते लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं.

गाडी थांबली होती. म्हणजे आबा मनात म्हणत असणार, हाक मारू का. आणि त्याला माझं वाक्य आठवलं असणार. मी त्याला लिहिलं होतं, तू कोणाच्या दारात जायचं नाहीस. तो दारातच होता. दादा, तो तिथं बसून माझ्या शब्दाला जागला, आणि आई मागं गवतात पडली होती.

मी काय शहाणपण केलं? मला इकडं बसून वाटलं, वस्ती म्हणजे बाभळीवरचे सातभाई. बघायचं आणि लिहून काढायचं. 'हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे' असं मी तुला लिहिलं होतं. ते पत्र असेल तर जाळ.

आज सरांना सांगितलं की मला हे पुढं करायचं नाही. ते म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घे. कुठं जाऊ सुट्टीला? आबाच्या समोर मी कशी उभी राहू?

एकच विचारते. त्या दिवशी त्याच्या मनात माझं पत्र होतं का? तू त्याला विचार. मला विचारता येणार नाही, पण मला माहीत व्हायलाच पाहिजे. माझी आई गेलीय आणि मला रडताना आधी आईची आठवण येत नाही, ते वाक्य येतं.

सुकी


वरकुटे
२१ जून १९९५

सुके,

आता मी सांगतो ते शांत डोक्यानं वाच.

तुझं ते पत्र मी आबाला वाचून दाखवलंच न्हाय. खरं सांगतो. पोस्टमननं मला रानातच दिलं. मी फोडून बघितलं, मला ते पटलं न्हाय, म्हणून खिशात घातलं. तुला दोनदा वाचलं असं लिहिलं ते आपलं तुझं मन राखायला. पाठ झालंय म्हणलो तीबी माझीच थाप. आबाला एवढं पाठ हुतंय व्हय? त्याला आरतीची दुसरी ओळ येत न्हाय.

मग ते पत्र मी गोठ्यात वळचणीला खोचून ठेवलं. तितनं खाली पडलं आणि निम्मं तांबड्या बैलानं खाल्लं. उरलेलं मी चुलीत घातलं. आबाला तुझं पत्र आलेलंच ठावं न्हाय. मी त्याला म्हणलं, सुकीची परीक्षा हाय, तिला येळ न्हाय. तो म्हणाला, असूं दे.

पाडव्याला तो गेला न्हाय, कारण त्या दिवशी त्याचा गुडघा सुजला हुता. नंतर ऱ्हाऊन गेलं. हाक मारली न्हाय ती त्याच्या स्वभावानं. तो हायच तसला. आय त्याला जन्मभर म्हणायची की, तुमचं तोंड शिवलंय का म्हणून. तुझ्या लिहिण्या न लिहिण्यानं काय फरक पडणार हुता? काय सुदीक न्हाय.

तर तू ते डोक्यातनं काढ. शिकायचं सोडू नको. आय सगळ्या वस्तीत सांगत हिंडायची, माझी लेक पाखरांची मास्तरीण हाय. हे मात्र खरं हाय.

जेवत जा. रडायचं तर आयसाठी रड.

मल्हार


पुणे
३० जून १९९५

दादा,

तुझं पत्र मिळालं.

लहानपणी तू थाप मारायला लागलास की तिच्यात हमखास एखादं जनावर यायचं. लाडू मांजरानं नेले, पाटी शेळीनं फोडली. आईला ते माहीत होतं. जनावर आलं की ती तोंडाला पदर लावायची आणि म्हणायची, बरं बाबा, शेळीला रागावते.

मी विश्वास ठेवते. जमेल तितके दिवस ठेवते. तू हे सगळं जुळवत बसला असशील, तांबड्या बैलापर्यंत, ते डोळ्यांपुढं आलं आणि पहिल्यांदा मी आईसाठी रडले. छान रडले. तुझा एवढा उपयोग झाला.

काम सोडलेलं नाही, पण माणसांबद्दल मी आता काही लिहीत नाही. अमजदला मी पत्र लिहिलंय, इंदापूरच्या फळबाजाराच्या पत्त्यावर. पोचेल का माहीत नाही. आमच्या पुस्तकांत त्याच्यासारख्याचं कोडं अजून सुटलेलं नाही. नातं नाही, परत भेट होणार नाही, हाकही कोणी मारलेली नाही. मी त्याला का थांबलास असं विचारलं नाही, नुसते आभार मानले.

पुढच्या महिन्यात मी येते. आबाला काय सांगायचं ते मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. पण त्याआधी तो कसा आहे ते लिही. खरं लिही. यात जनावर आणू नकोस.

सुकी


वरकुटे
१२ जुलै १९९५

सुके,

बरं. खरं लिहितो.

वस्तीनं समदं मिटवलं. आपल्यालाबी आणि सिद्धूलाबी परत वस्तीत घेतलं. कोण बसलं न्हाय, कोण बोललं न्हाय, आपोआप झालं. बाया हापशावर आपली घागर आधी भरून देत्यात. मला ते बघवत न्हाय, मी उशिरा जातो.

आबा रानात फारसा येत न्हाय. सकाळीच सडकेच्या वाटंवर, तात्याच्या घरापुढं, लिंबाच्या मुळीवर जाऊन बसतो. कोण बी जाऊ दे, गाडी जाऊ दे, सायकल जाऊ दे, उठून उभा ऱ्हातो आणि इचारतो, "काय झालं? काय पाहिजे का?" लोकं पहिल्यांदा थांबायची, सांगायची, काय न्हाय गेणूतात्या, बाजारला चाललोय. आता नुसती मान हलवून जात्यात. पोरंटोरं हसत्यात. तात्या समोर बाजेवर बसतो. दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. तात्या दिवसभर चपला काढत न्हाय, बाजेवर पाय वर घेतला तरी चपलेसकट घेतो. छबूबाई दोघांना एकाच येळंला चहा देती.

काल दुपारी कौसल्या पोरगीला खांद्यावर घेऊन आली. पोरगीला ताप हुता. तिनं हाक मारली न्हाय, नुसती वाटंला दिसली. आबा आणि तात्या दोघंबी एकदम उठले. तात्यानं जीप काढली, आबा मागं पोरगीला मांडीवर घेऊन बसला, कौसल्या म्हणत ऱ्हायली की एवढं काय न्हाय, अंग जरा गरम हाय. ऐकतंय कोण. बारामतीला नेलं. साधा ताप निघाला, डॉक्टरनं औषध दिलं आणि परत पाठवलं.

आबा घरी आला तवा मी दावणीला हुतो. लई दिवसांनी त्याच्या तोंडावर जरा बरं दिसलं. पाय धुतले, ओसरीवर टेकला. मी म्हणलं, कशी हाय पोरगी? म्हणाला, "बरी हाय. येळंवर पोचलो." मग आत सैपाकघराकडं बघून मला म्हणाला, "जा, सिंधूला सांग. जीव टांगणीला लागला असंल तिचा."

मी आत गेलो. जरा येळ चुलीपुढं उभा ऱ्हायलो. मग बाहेर येऊन म्हणलं, सांगितलं.

मल्हार